लेकराच्या आजाराचं वेबिल कसं ठेवायचं

मी एसटीत कंडक्टर आहे. आता हातात मशीन आलं, पण मी कामाला लागलो तेव्हा जुन्या माणसांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: टप्पा आला की वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भर, डोक्यात काही ठेवायचं नाही, डोकं दगा देतं. हे वाक्य नोकरीपेक्षा घरात जास्त कामाला आलं.

२०१७ सालच्या आषाढीला माझ्या धाकट्या लेकीला रक्ताचा कॅन्सर निघाला. लहान मुलांत जो सगळ्यात जास्त दिसतो तोच, ए.एल.एल. नावाचा ल्युकेमिया. तेव्हा ती सहा वर्षांची होती, नुकतीच पहिलीत बसली होती. अडीच वर्षं औषधं चालली. आता ती नववीत आहे. आमच्या कुर्डुवाडीहून, बार्शीहून, पार लातूरकडून कुणाच्या लेकराला हे निघालं की कुणीतरी माझा नंबर देतं, आणि मी दर वेळी तेच तेच सांगतो. म्हणून एकदा लिहून काढलं. औषध कोणतं आणि किती, ते तुमचे डॉक्टर सांगतील. डॉक्टरांच्या दारापासून आपल्या चुलीपर्यंत मधे जे असतं, तेवढंच मी सांगणार.

ताप उतरत नसेल तर

तुमचं निदान झालं असेल तर हा भाग सोडा. नसेल झालं, तर हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आषाढीच्या जादा गाड्या म्हणजे आम्हाला घर दिसत नाही. पंढरपूरच्या फेऱ्या चालू होत्या आणि इकडे पोरीला ताप येत-जात होता. गावातल्या डॉक्टरनं तीन आठवड्यांत तीनदा औषध बदललं, दोनदा कमरेत इंजेक्शन दिलं, टॉनिक दिलं. ती पाय दुखतात म्हणायची, कडेवर घे म्हणायची. सहा वर्षांची घोडी झाली आणि कडेवर काय बसते, म्हणून मी रागावलो होतो. मांडीवर निळे डाग दिसले तेव्हा तिची आई म्हणाली, खेळताना पडली असेल. ओठ पांढरे पडलेत हे शेवटी कुणी पाहिलं, तर शेजारच्या अंगणवाडीताईनं.

आठ-दहा दिवसांच्या वर ताप, अंग पांढरं पडणं, न लागता काळे-निळे डाग, हाडं दुखणं, मानेत गाठी, पोट फुगणं, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर स्वतः तोंड उघडून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी मागा, आणि सोबत स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून पेशी बघतात ती. दोन-अडीचशे रुपयांचं काम आहे. ती होईपर्यंत कुणाकडूनही स्टेरॉइड घेऊ नका. स्टेरॉइडनं या आजाराच्या पेशी काही दिवस दबतात, पोरगं बरं वाटायला लागतं, आणि निदान लांबतं.

आमच्या सीबीसीत पांढऱ्या पेशी ६८ हजार आल्या, म्हणजे फार जास्त, आणि प्लेटलेट १९ हजार, म्हणजे फार कमी. लॅबवाल्या पोरानं कागद दिला नाही, म्हणाला, दादा, आधी डॉक्टरला फोन करतो.

वही

मुंबईला टाटा हॉस्पिटलला निघण्याआधी स्टँडसमोरच्या दुकानातून दोनशे पानी लांब वही घेतली, जाड पुठ्ठ्याची. तुम्हीही अशीच घ्या. पातळ वही दोन महिन्यांत फाटते, आणि सुट्या कागदांचं तर विचारूच नका.

माझे रकाने असे होते: तारीख, ताप (वेळेसकट), हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, ए.एन.सी. (म्हणजे त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी), प्लेटलेट, आज दिलेलं औषध, संडास झाली का, डॉक्टर काय म्हणाले, खर्च. संडासचा रकाना पाहून लोक हसतात. व्हिन्क्रिस्टीन नावाचं शिरेतलं औषध चालू झालं की आतडी सुस्त होतात, आणि तीन दिवस संडास नाही हे तुम्हाला चौथ्या दिवशी पोट धरून रडणारं लेकरू सांगतं. वहीत दुसऱ्याच दिवशी दिसतं. त्याच औषधानं जबडा दुखतो, पायाचे पंजे लोंबायला लागतात. चालताना चप्पल निसटायला लागली की तेही लिहा आणि सांगा.

वहीच्या मागच्या बाजूनं प्रश्न लिहायचे. ओपीडीत तीन तास बसल्यावर डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात आणि त्या पाच मिनिटांत आपण "बरं आहे साहेब" एवढंच म्हणून बाहेर येतो. प्रश्न लिहिलेला असला की वही पुढे करायची. डॉक्टर त्यावरच उत्तर लिहूनही देतात.

ए.एन.सी. काढायला शिका. मोठ्या हॉस्पिटलच्या रिपोर्टात ती लिहिलेली असते, गावच्या लॅबमध्ये नसते. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. पेशी १८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर ३६०. पाचशेच्या खाली म्हणजे लेकराच्या अंगात लढायला शिपाई नाहीत. त्या दिवशी पाहुणे नाहीत, लग्न नाही, बाजार नाही. "काउंट पडलेत" असं सगळे आई-बाप म्हणतात ते हेच. एकूण पेशींचा आकडा बघून गाफील राहू नका, मी एकदा राहिलो.

मुंबईत उतरल्यावर

रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून सकाळी दादर. तिथून परळचं टाटा हॉस्पिटल जवळ आहे. पहिल्या दिवशी फाइल निघते, फाइलचा नंबर मिळतो. तो नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर, आईच्या फोनमध्ये आणि घरी आजीच्या देव्हाऱ्याजवळ, तिन्ही ठिकाणी लिहा. आत पैसे भरायला स्मार्ट कार्ड असतं, त्यात रक्कम भरून ठेवायची आणि तपासणी-औषधाला त्यातून कापली जाते. कार्डात किती उरलंय ते रोज संध्याकाळी वहीत. हे मला सोपं गेलं, कॅश मोजायची सवय.

पैशाचं एकच सांगतो, पण ते पहिल्याच दिवशी करा: खर्च सुरू करायच्या आधी समाजसेवा विभागात जा. लाज वाटते, मलाही वाटली, दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनेत उपचाराआधी मंजुरी घ्यावी लागते. आधी स्वतः पैसे भरून बसलात तर ते परत येतील असं धरून चालू नका. आमच्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता पाच लाख आहे. आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लेकराचा जन्मदाखला, यांच्या प्रत्येकी दहा झेरॉक्स गावाहूनच करून न्या. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी, ट्रस्ट, सगळ्यांना हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. तेही तिथूनच मिळतं. दागिना मोडायचा किंवा शेत गहाण टाकायचं तर त्यानंतर. माझ्या मेहुण्यानं घाईत अर्धा एकर विकायची बोलणी केली होती, नशीब व्यवहार लांबला.

राहायला दादर पूर्वेला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. हॉस्पिटलचे कागद नेले की तिथे बघतात. लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे कुटुंबाला खोली आणि स्वतःचा ओटा मिळतो, भाडं नाही. हॉस्पिटलकडूनच नाव जावं लागतं आणि जागा रिकामी असावी लागते. आम्ही आधी धर्मशाळेत होतो, दीड महिन्यानं सेंट ज्यूडला गेलो. स्वतःच्या ओट्याची किंमत काउंट पडल्यावर कळते.

रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. एसटीतही सवलत आहे. कंडक्टरला माहीत नसेल तर शांतपणे डेपोत विचारा, त्याच्याशी भांडू नका; आमच्याकडे सवलतीचे इतके प्रकार आहेत की मलाही पाठ नाहीत.

प्लेटलेटसाठी माणसं आधीच जोडून ठेवा. एका दात्याकडून मशीननं काढतात ती एसडीपी, दात्याचे दीड-दोन तास जातात, आणि काढलेली प्लेटलेट पाच दिवसच टिकते. म्हणजे साठवून चालत नाही, लागेल तेव्हा माणूस हवा. मला परळ आगारातले ड्रायव्हर-कंडक्टर कामी आले. मी कुणालाही ओळखत नव्हतो. खाकी अंगावर असतानाच एक दिवस डेपोत गेलो आणि उभ्याउभ्या सांगितलं. वहीच्या शेवटच्या पानावर सतरा नावं आहेत, रक्तगट आणि फोनसकट. त्यांतले नऊ जण येऊन गेले.

टप्पे

डॉक्टर म्हणतात इंडक्शन, कन्सॉलिडेशन, मेंटेनन्स. मी तिच्या आईला टप्पे म्हणून समजावलं. पहिला महिना सगळ्यात खडतर. स्टेरॉइड रोज, शिरेतली औषधं दर आठवड्याला, आणि कमरेतून पाठीच्या कण्यात इंजेक्शन, कारण मेंदूकडे जाणाऱ्या पाण्यात आजार लपतो. महिना संपला की पुन्हा हाडातला मगज तपासतात. एम.आर.डी. नावाची तपासणी असते, उरल्यासुरल्या पेशी किती ते कळतं. तिथे काही सापडलं नाही म्हणजे आजार संपला असं नाही. इथेच लोक फसतात. पोरगं हसायला-खेळायला लागतं, रिपोर्ट चांगला येतो, पैसे संपलेले असतात, पेरणी आलेली असते, आणि माणसं गावी निघून जातात. आमच्या शेजारच्या खाटेवरचं कुटुंब असंच गेलं. सात महिन्यांनी परत आलं तेव्हा त्यांच्या मुलाकडे बघवत नव्हतं. एक फेरी शिल्लक असताना गाडी डेपोत लावायची नाही, एवढं मी त्या बापाला तेव्हा सांगायला हवं होतं.

स्टेरॉइडच्या महिन्यात लेकरू ओळखू येत नाही. तोंड सुजतं, रात्री दोनला भूक लागते. माझी लेक झोपेतून उठून पिठलं-भाकरी मागायची, आणि दिली की "हे नको" म्हणून ताट ढकलायची. एकदा आईला चावली. ही ती नव्हे, गोळी आहे. तिच्या आईनं हे स्वतःला किती वेळा सांगितलं ते तिलाच माहीत. मीठ कमी ठेवा, पापड-लोणचं बंद.

केस दोन-तीन आठवड्यांत उशीवर यायला लागतात. वाट बघू नका, आधीच काढून टाका. आजी म्हणाली, दुसऱ्यांदा जावळ काढतोय म्हणायचं, आणि तिनं खरंच नारळ फोडला. पोरीला ते इतकं आवडलं की वॉर्डातल्या सगळ्यांना सांगत सुटली, माझं जावळ झालं. शिरेतून एक लाल रंगाचं औषध देतात, त्या लाल औषधानंतर लघवी लालसर होते, घाबरू नका. पण ते शिरेतून बाहेर सांडलं तर कातडी जळते, म्हणून सुई टोचलेल्या जागी जरा जरी आग झाली तरी लेकरानं ओरडायचं, हे आधी शिकवून ठेवा. लेकीच्या हातात पिक लाइन होती, म्हणजे औषधासाठी शिरेत घालून ठेवलेली बारीक नळी. अंघोळीला दुधाची पिशवी धुऊन, कापून त्यावर बांधायचो.

पिवळ्या रंगाचं मेथोट्रेक्सेट लटकवलेलं असायचं तेव्हा एका तरुण डॉक्टरनं मला गोष्ट सांगितली. या औषधामागे येल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचे आंध्रातले रसायनशास्त्रज्ञ होते, अमेरिकेत काम करायचे. त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेलं याच जातीचं पहिलं औषध बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं, आणि १९४८ साली जगाला कळलं की हा आजार औषधानं मागे हटू शकतो. पुढचे दोन तास मी त्या पिवळ्या बाटलीकडे बघत बसलो. आपल्याकडे त्या माणसाच्या नावानं एक स्टँडही नाही.

ताप: इथे थांबायचं नाही

शंभर पॉइंट चार. हा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. काखेत थर्मामीटर लावा, गुदद्वारात कधीच नाही. १००.४ फॅरेनहाइट दिसला की आधी निघायचं, मग फोन करत जायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. क्रोसिननं आकडा उतरतो, जंतू उतरत नाहीत. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन तर घरातच ठेवू नका.

हे मी शहाणपणानं नाही सांगत. ऑक्टोबरमध्ये रात्री अकराला १०१ ताप होता. बाहेर पाऊस, टॅक्सी मिळेना, मी गोळी दिली, ती झोपली. पहाटे हातपाय गार पडले. पुढचे सहा दिवस ती आयसीयूत आणि मी जिन्यात. ए.एन.सी. होती ९०. त्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय, "रात्री ११, ताप १०१, गोळी दिली." पुढे काही नाही.

गावी परतलात की पहिलं काम हे करा: जवळच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा, फाइल दाखवा, आणि ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक शिरेतून द्यायचं याचं मोठ्या हॉस्पिटलचं पत्र त्यांच्याकडे ठेवा. रात्रीचा त्यांचा नंबर घ्या. एका रिक्षावाल्याला सांगून ठेवा. तापानंतर तासाभरात औषध शिरेत गेलं पाहिजे, आणि तास किती लवकर संपतो ते स्टँडवर उभ्या राहणाऱ्याला सांगायला नको.

चूल

खाण्यापिण्याचं फार नाही. उकळलेलं पाणी, त्याच दिवशीचं, झाकलेलं. तव्यावरची भाकरी, कुकरमधली खिचडी, गरम असतानाच. कोशिंबीर, कच्ची कोथिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, बर्फ, सगळं बंद. फळ जाड सालीचं: केळं, मोसंबी, घरी सोललेलं. द्राक्षं नाहीत, आपल्या भागात हे सांगणं जड जातं. तोंड आलं की मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, खाण्याआधी दहा मिनिटं डॉक्टरांनी दिलेलं सुन्न करणारं औषध, आणि मऊ भात. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून उलट्या झाल्या तर घरगुती उपाय नाही. एका इंजेक्शननं स्वादुपिंड सुजू शकतं, सरळ हॉस्पिटल.

एक मावशी पुडी घेऊन आल्या होत्या. कुणाचा तरी चौथ्या स्टेजचा बरा झाला म्हणे. ल्युकेमियाला स्टेजच नसते, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी पुडी घेतली, पाया पडलो, आणि वहीत लिहून डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, लिव्हर आधीच औषधांखाली दबलंय, देऊ नका. नात्यात भांडण नको असेल तर डॉक्टरांच्या नावावर बिल फाडा, त्यांना सवय आहे.

थोरला

याला मी रकाना ठेवला नव्हता. थोरला दहा वर्षांचा, पाचवीत, आजीजवळ. चार महिन्यांत आम्ही दोनदा घरी. त्यानं एकदा फोनवर विचारलं, "मला पण कॅन्सर झाला तर तुम्ही याल का?" त्यानंतर रोज रात्री आठला फोन, बहिणीबद्दल एक शब्द नाही, फक्त त्याचं क्रिकेट आणि त्याची शाळा. हे पहिल्या आठवड्यापासून करा.

मेंटेनन्स

हा शेवटचा टप्पा, आता गावी राहता येतं. रोज रात्री एक गोळी, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, आणि ठरलेल्या दिवशी सेप्ट्रान, ती जंतू लागू नयेत म्हणून. सोपं दिसतं म्हणून धोका इथे आहे. आठवड्याची गोळी चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. आमच्याकडे मंगळवार ठरला होता. एका बुधवारी आजीनं डबा उघडला, गोळ्या हातावर काढल्या, आणि लेक म्हणाली, आजी, वही बघ ना आधी. सात वर्षांची होती. त्या दिवसापासून मेथोट्रेक्सेट वेगळ्या लाल डब्यात, माझ्या ट्रंकेत, आणि चावी माझ्याकडे. गोळी तोडायची तर वेगळी ब्लेड, हातमोजे. खलबत्त्यात कुटायची नाही.

शाळेत बाईंना लेखी द्या: कांजिण्या किंवा गोवर वर्गात कुणालाही झाला तर त्याच दिवशी फोन. दुसरीत तिच्या बाकावरच्या मुलीला कांजिण्या आल्या. बाईंनी मधल्या सुट्टीत फोन केला म्हणून वेळेत प्रतिबंधक औषध मिळालं. जिवंत जंतूंच्या लसी या काळात बंद असतात, पुढे कोणत्या कधी घ्यायच्या ते उपचार संपल्यावर विचारा. पुष्कळ पुन्हा घ्याव्या लागतात.

संपल्यावर

जानेवारी २०२० मध्ये शेवटची गोळी. मार्चात लॉकडाऊन. अख्ख्या गल्लीला मास्क नाकावरून कसा लावायचा हे आमच्या नऊ वर्षांच्या बाईंनी दारात उभं राहून शिकवलं.

औषध थांबलं की जास्त भीती वाटते, हे कुणी सांगत नाही. रोज काहीतरी चालू होतं, आता हात रिकामे. मी दोन वर्षं रात्री उठून तिच्या कपाळाला हात लावायचो. तपासण्या चालू राहतात, आधी दर दोन-तीन महिन्यांनी, मग लांबत जातात. टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळी ए.सी.टी. क्लिनिक आहे, १९९१ पासून चालते. तिथे वजन, उंची, अभ्यास, पाळी, हृदय, सगळं बघतात. लाल औषधाचा हृदयावर परिणाम उशिरा दिसू शकतो, म्हणून सांगतील तेव्हा टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. निघताना उपचाराचा गोषवारा मागून घ्या: कोणतं औषध एकूण किती गेलं, रेडिएशन दिलं की नाही. त्याच्या तीन प्रती. ती चाळीस वर्षांची होईल तेव्हाच्या डॉक्टरलाही तो कागद लागेल.

नातेवाईक म्हणाले, फाइल जाळून टाक, मुलीची जात आहे, उद्या लग्नाला आड येईल. मी फाइल पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. तिलाच विचारलं तर ती म्हणाली, माझी आहे, मला दे.

तेव्हापासून वही तिच्याकडे आहे. चौथी वही. संडासचा रकाना तिनं पहिल्याच दिवशी खोडून टाकला. पुढची तारीख दिवाळीनंतरच्या सोमवारची आहे. सिद्धेश्वरचं तिकीट काढताना मी खालचा बर्थ मागितला, तर तिनं वहीत लिहून ठेवलंय: "वरचा. मी आता लहान नाही."